मनगटावरची हाक

६ फेब्रुवारी, बुधवार

ताई,

सप्रेम नमस्कार लिहिणार नव्हते, आणि लिहीतही नाही. हे पत्र मुद्दाम दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी पाठवलं असतं तर माझं अक्षर बघून तू ते न फोडताच केरात टाकलं असतंस. दवाखान्यात आलेलं पाकीट मात्र तू उघडतेस, पेशंटचं असेल म्हणून. तर समज, पेशंटचंच आहे.

आधीच स्पष्ट सांगते, मी माफी मागायला लिहीत नाही. तुझ्या दिराशी ठरलेलं लग्न मी मोडलं, सासरी तुला मान खाली घालावी लागली, तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस, हे सगळं मला पाठ आहे. पण 'लोकांच्या पोरांचे हात धरण्याची नोकरी' लग्नानंतर सोडायची, अशी अट त्याने घातली होती आणि तू शेजारी बसून मान डोलावली होतीस. आज पुन्हा विचारलंस तरी माझं उत्तर तेच आहे. तुझा अबोला तू खुशाल चालू ठेव. मला तू कातडीची डॉक्टर म्हणून हवी आहेस, बहीण म्हणून नको.

पेशंट म्हणजे आमची भिंगरी. सात वर्षांची आहे, एका जागी टिकत नाही, स्वतःभोवती गरागरा फिरते, म्हणून भिंगरी. आमच्या निवासी शाळेतल्या बाकीच्या मुलांना दिसत नाही, पण ऐकू येतं. हिला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. तिच्याशी हातावर बोलावं लागतं. तळहातावर बोट फिरवलं की पाणी, मूठ दोनदा दाबली की जेवण. माणसांनाही नावं आहेत. स्वयंपाकाच्या मावशींचं नाव म्हणजे कोपरावर थाप. मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, यांचं नाव म्हणजे अंगठीचं बोट चिमटीत धरणं. माझं नाव तिनेच ठेवलं. पहिल्या भेटीत तिचं नख माझ्या घड्याळाच्या खरखरीत पट्ट्यावरून गेलं, तिला ते आवडलं, आणि ती ते पुन्हा पुन्हा करत बसली. आता ते घड्याळ नाही, पण मनगटावर नखाने दोनदा खर्र खर्र ओढलं की ती मी.

तिच्या अंगावर पुरळ आलंय. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, पोटावर, कमरेभोवती. तोंडावर काही नाही. शाळेचे डॉक्टर 'उष्णता' म्हणाले आणि एक मलम दिलं. ते लावलं की थोडं बरं वाटतं आणि मग दुप्पट होतं. परवा तिने ओरबाडून रक्त काढलं, म्हणून मोठ्या बाईंनी तिच्या दोन्ही हातांवर मोजे चढवून नाडीने बांधायला लावले. ताई, तुला यात काही वावगं वाटणार नाही. पण तिचे हात बांधले म्हणजे तिचे डोळे, कान आणि तोंड एकदमच बांधलं. पाणी हवंय हेसुद्धा तिला सांगता येत नाही. काल ती भिंतीला अंग घासत उभी होती. मी मोज्यावरूनच हात धरला तर तिने झटकून टाकला.

हे काय आहे आणि काय लावायचं, एवढंच कळव, म्हणजे मोजे निघतील.

'तुझ्या त्या हात धरण्याच्या नोकरीतून काय मिळतं,' असं तू विचारलं होतंस. ऐक तर. मोजे बांधायच्या आधी ही पोरगी दिवसभर मलाच बोलवत होती. एकटी बसली तरी स्वतःच्या मनगटावर खर्र खर्र. मावशी म्हणायच्या, "बाई, तुमचा जप चाललाय नुसता." समोर नसलेल्या माणसाचं नाव ती घ्यायला शिकली, आणि पहिलं घेतलं ते माझं. तुझ्या दिराच्या घरात मला हे मिळालं असतं का?

— धाकटी


१२ फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

तुझं उत्तर मिळालं. औषधाच्या चिठ्ठीवर चार ओळी, खाली सही आणि वर शिक्का. सख्ख्या बहिणीला शिक्का मारून पत्र पाठवणारी तू एकटीच असशील.

"ती तुला हाक मारत नाही. तिला खाज सुटली आहे. खरूज वाटते. तुझीही मनगटं बघ."

पहिलं वाक्य तुला गाळता आलं असतं. खरूज आहे एवढं पुरे होतं. पण नाही, तुला ते लिहायचंच होतं. मी रडले. तुझ्यामुळे नाही, असं लिहिणार होते, पण तुझ्यामुळेच. आणि मग स्वतःमुळे. तिच्या हातांचा अर्थ लावणं, हेच तर माझं काम. पोर जिवाच्या आकांताने खाजवत होतं आणि मी ते माझं नाव समजून गालातल्या गालात हसत होते. दुसऱ्या कुणाही माणसाला ते खाजवणंच दिसलं असतं. हा घोटाळा आमच्याच शाळेत होऊ शकतो, आणि तो मीच करू शकते.

बरं, माझी मनगटं. मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं, पण मलाही खाज येते. रात्री अंथरुणात शिरलं की जास्त. उन्हाने होत असेल, साबण बदलला म्हणून असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. चिठ्ठीच्या मागे तू तपासणी आणि औषधाचं सगळं लिहिलं होतंस, तसं केलं. मनगटावर पेनाची शाई चोळली, थोडं थांबले, स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. सगळी शाई गेली आणि एक बारीक, वाकडीतिकडी निळी रेघ तेवढी राहिली. किड्याने कातडीत केलेलं बीळ. त्यात शाई शिरून बसली होती. मला किळस यायला हवी होती, पण मला हायसं वाटलं. निदान एक गोष्ट तरी आता डोळ्यांनी दिसत होती.

भिंगरीच्या बेचक्यांत तशा कितीतरी रेघा निघाल्या. शाळेच्या डॉक्टरांचं मलम बंद केलं. त्याने खाज दबते आणि किडा निवांत वाढतो, हे तू लिहिलंस ते त्यांनाही जाऊन सांगितलं. भले माणूस आहेत. चष्मा पुसत म्हणाले, "मला शंका यायला हवी होती. पण या शाळेत ते नाव काढायची सोय नाही हो."

सोय खरंच नव्हती. मी मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन "खरूज" म्हटलं आणि त्यांनी उठून आधी दार लावलं.

"हळू बोला. हा शब्द या इमारतीत काढायचा नाही."

"मग काय म्हणू?"

"उष्णता म्हणा. डॉक्टरांनी तेच म्हटलंय ना?"

"उष्णतेचं औषध एकाला पुरतं, बाई. याचं औषध सगळ्यांनी एकाच दिवशी लावावं लागतं. ज्याला खाज नाही त्यानेसुद्धा. नाहीतर ती एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. आणि सगळ्यांना लावायला सांगायचं तर कारण सांगावं लागेल."

"कारण सांगितलं की उद्या पालक दारात उभे राहतील, पोरांची गाठोडी बांधायला. मी हे बघितलंय. मागे कांजिण्या आल्या तेव्हा तीन मुली घरी नेल्या, त्या परत आल्याच नाहीत. त्या आता कुठे असतील, माहितीये? घराच्या कोपऱ्यात. बसवलेल्या."

खोटं बोलत नव्हत्या त्या. म्हणून मला जास्त राग आला. बोलता बोलता त्यांनी टेबलावरची फुटपट्टी उचलली आणि हात टेबलाखाली नेला. कशासाठी, कुणास ठाऊक.

मग हुकूम निघाला. भिंगरी आजारी मुलांच्या खोलीत एकटी. मोजे तसेच. तिला कुणी हात लावायचा नाही, विशेषतः मी.

— धाकटी


२० फेब्रुवारी, बुधवार

ताई,

मी हुकूम मोडला. तुला नवल वाटायचं कारण नाही, माझा इतिहास तुला माहीत आहे.

पहिल्या दिवशी मी त्या खोलीच्या दारात उभी राहिले. भिंगरी फिरत नव्हती. खाटेच्या दांडीला कपाळ लावून बसली होती. मावशींनी ताट ठेवलं होतं, ते तसंच. तिला ताट आलंय हे कळणार कसं? मी आत गेले, नाड्या सोडल्या, मोजे काढले आणि माझे दोन्ही हात तिच्या हातात दिले. तिने काही मागितलं नाही. नुसती माझी बोटं एकेक करून चाचपत राहिली, सगळी जागच्या जागी आहेत का बघावं तशी. त्यानंतर मी रोज गेले. लपून नाही, सगळ्यांच्या देखत.

काल मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं की सोमवारपर्यंत मी तिला हात लावणं थांबवलं नाही, तर मी दुसरी नोकरी बघावी. "तुमचं म्हणणं बरोबर असेलही," म्हणाल्या, "पण शाळा मला चालवायचीये."

ताई, त्याचं उत्तर मी आज सकाळच्या हजेरीला दिलं. सगळी मुलं, सगळ्या शिक्षिका, मावशी, पहारेकरी, सगळे हॉलमध्ये होते. मी पुढे गेले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "मला खरूज झालीये."

मुलांनी माना माझ्या आवाजाकडे वळवल्या.

"खरूज म्हणजे एक बारीक किडा असतो, तो कातडीत शिरतो. फार वेळ हात धरला की या हातावरून त्या हातावर जातो. मी तुम्हा सगळ्यांचे हात धरते, म्हणून मला झाली. यात लाजण्यासारखं काही नाही. औषध आहे, लावलं की जाते. आता ज्याला खाज येते त्याने हात वर करा."

कुणीच हात वर केला नाही. वाटलं, झालं, आता सोमवारी सामान उचलायचं. मग मागून मावशींचा आवाज आला, "मला येते बाई. कणीक मळताना तर जीव जातो. मला वाटायचं वयाचं काही असेल." आणि पहारेकरी म्हणाला, "वयाचं कसलं? मी काय म्हातारा आहे?" मुलं हसली. हसली आणि मग हात वर जायला लागले. एक, दोन, मग अख्खी ओळ. कोण कोण हात वर करतंय हे त्यांना एकमेकांचं दिसत नव्हतं, हे बरंच झालं. प्रत्येकाने आपापला निर्णय घेतला.

तेवढ्यात पहिल्या ओळीतली एक मुलगी उभी राहिली. वर्गात सगळ्यांत भोचक तीच. "बाई, मोठ्या बाईंना पण येते."

"गप्प बस," कुणीतरी दटावलं.

"अहो खरंच! त्या टेबलाखाली फुटपट्टीने खाजवतात. मला रोज ऐकू येतं."

"मला पण," दुसरा म्हणाला. "आणि शनिवारी कंगव्याने."

ज्यांना दिसत नाही त्यांच्यापासून लपवायचं म्हणजे काय, हे मोठ्या बाई इतकी वर्षं शाळा चालवून विसरल्या होत्या. त्या हॉलच्या दारातच उभ्या होत्या. चेहरा लालबुंद. मला वाटलं आता इथेच हाकलणार. त्या नुसत्या वळल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. दार मात्र लावलं नाही.

मधल्या सुट्टीत मला बोलावलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी रोज दोनदा आंघोळ करते. मला कशी होईल?" त्यांचा आवाज इतका बारीक होता की मला सगळ्या रागासकट वाईट वाटलं. आणि मग म्हणाल्या, "माझा यावर विश्वास बसायला डॉक्टर हवा. तुमच्या चिठ्ठ्या नकोत. समोर उभा राहून सांगेल असा."

तर मी तुला बोलावतेय. रविवारी सकाळी ये. सगळ्यांना एकाच दिवशी मलम लावायचंय. तू रात्रभर ठेवायला सांगितलंस, पण एवढी पोरं रात्री आम्हाला आवरणार नाहीत. सकाळी लावून संध्याकाळी आंघोळ घालू, चालेल ना? मोठ्या बाईंना तुझ्या तोंडून ऐकायचंय. भिंगरीची त्या खोलीतून सुटका आणि माझी नोकरी, दोन्ही त्यावर अवलंबून आहे.

हे मी हात जोडून लिहीत नाहीये. डॉक्टर म्हणून बोलावतेय. आली नाहीस तर मी एकटी लावीन, पोलीस येईपर्यंत.

— धाकटी


२५ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

तू काल आलीस, आणि दिवसभरात आपण जे बोललो ते इतकंच : "अजून एक नळी दे," "नखांखाली लावलंस का?", "बेंबी राहिली," "तू स्वतःला लावलंस का?" अबोला सोडला नाहीस ते नाहीसच. मीही नाही. मग जे तोंडाने बोलले नाही ते आता लिहिते.

मलमांची खोकी गाडीतून तू स्वतः उतरवलीस. मोठ्या बाईंच्या खोलीत गेलीस, दार उघडंच ठेवलंस, म्हणून मला बाहेरून सगळं ऐकू आलं. तू त्यांच्या हाताला शाई लावत होतीस.

"पण मी स्वच्छ राहते हो, डॉक्टर."

"स्वच्छतेचा याच्याशी काही संबंध नाही. साबणाने हा किडा हटत नाही. ज्यांचे हात कुणीतरी धरतं त्यांना ही होते. तुमच्या शाळेत सगळ्यांना झाली, कारण तुमच्या शाळेत सगळे एकमेकांचे हात धरतात. माझ्या दवाखान्यात मोठमोठ्या बंगल्यांतले लोक येतात, त्यांना होत नाही. त्यांचा हात कुणी धरतच नाही."

ताई, तू हे माझ्यासाठी बोललीस की त्यांच्यासाठी, मला माहीत नाही. मी कॉरिडॉरमध्ये चादरी गोळा करत होते, त्या तशाच छातीशी धरून उभी राहिले. इतक्या वर्षांपूर्वी तूच 'हात धरण्याची नोकरी' म्हणाली होतीस ना? त्याच तोंडाने?

मग मोठ्या बाई बाहेर आल्या. मनगटावर निळी रेघ, आणि सगळ्यांत आधी रांगेत त्या उभ्या राहिल्या. पालकांना फोनसुद्धा त्यांनीच केले. मी ऐकलं, "खरूज. हो, खरूजच म्हणाले मी. तुम्ही घरच्यांनीही लावून घ्या, मुलगी सुट्टीला आली होती ना?" एका बापाने काहीतरी उलट म्हटलं असावं. त्यावर बाई, "मलाही झालीये. बोला आता."

भिंगरीला मलम तूच लावलंस, खांद्यापासून नखांखालपर्यंत, आणि मग मोजे हातात घेतलेस. "हात तोंडात घालेल, मलम पोटात जाईल," म्हणालीस. बरोबरच होतं तुझं. मी मोजे तुझ्या हातातून काढून घेतले आणि म्हटलं, "मी दिवसभर तिचे हात धरून बसते." तू माझ्याकडे बघितलंस. ती जुनी नजर, हट्टी कुठली! मग तू खुर्ची ओढलीस, तिचा डावा हात मला दिलास आणि उजवा स्वतः धरलास. जेवायलाही उठली नाहीस. मावशींनी तिला घास भरवले आणि मग तुलाही भरवायला निघाल्या, तेव्हा तू हसलीस. तुझं हसू मी विसरले होते.

दिवसभर अंथरुणं उन्हात, संध्याकाळी आंघोळी, गरम पाण्यात कपडे. तू निघताना हात हलवलास. मी नाही हलवला, कारण बादल्या होत्या हातात. रागाने नाही, हे सांगून ठेवते.

पुढच्या रविवारी दुसऱ्यांदा लावायचंय. त्याला तू आली नाहीस तरी चालेल, आता आम्हाला येतं.

— धाकटी


१४ मार्च, गुरुवार

ताई,

आलीच नाहीस. "चालेल" म्हटलं म्हणजे खरंच चालेल असं कोण समजतं? बाहेरच्या माणसाचं ठीक आहे, तू माझी बहीण ना?

दुसरं मलम झालं. मावशी बिनधास्त कणीक मळतात. पहारेकरी म्हणतो, त्याला आता खाजवायला काही नाही, म्हणून ड्यूटीवर झोप येते. एकही मूल घरी नेलं नाही. नोकरी सोडायचा विषय मोठ्या बाई काढत नाहीत आणि मीही काढत नाही. परवा मात्र हजेरीला त्या आपणहून माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.

पण काल पुन्हा ठिणगी पडली. भिंगरी खेळघरात बसली होती आणि स्वतःच्या मनगटावर खर्र खर्र करत होती. एका शिक्षिकेने धावत जाऊन मोठ्या बाईंना आणलं. "परत आली हो! गेलीच नाही ती!" मोठ्या बाईंचा चेहरा पडला. त्यांनी मोज्यांचं नाव घेतलं नाही, पण त्यांची नजर कपाटाकडे गेली. मोजे तिथेच होते.

मी आडवी उभी राहिले. म्हटलं, "किडा मेला तरी खाज आणखी काही आठवडे राहते. डॉक्टरांनी सांगितलंय. शाई आणा." शाई आणली. सगळ्यांसमोर चोळली, पुसली. काहीच उरलं नाही. कोरी मनगटं. जुनी खाज, बाकी काही नाही. मोठ्या बाईंनी सुस्कारा सोडला. मग कपाट उघडून मोजे काढले आणि मावशींना दिले, "लहानग्यांच्या पायात घाला हे."

सगळे गेले, आणि मी तिच्याजवळ बसले. ती खाजवत होती. मी बघत होते आणि मला तुझी ती ओळ आठवत होती : ती तुला हाक मारत नाही. आता मी शहाणी झालेय. खाज म्हणजे खाज. मी गालातल्या गालात हसणार नव्हते. मी उठून थंड पाण्याचा बोळा आणायला निघाले.

तिने माझा कपडा धरला. ओढून खाली बसवलं. माझा हात शोधला, बाही वर सारली, आणि माझ्या मनगटावर, ताई, माझ्या, नखाने दोनदा ओढलं. खर्र खर्र.

तिला माझ्या मनगटावर खाज सुटली नव्हती.

मी तिच्या हातावर 'हो' म्हटलं. 'मी आहे' म्हटलं. तिला ते ठाऊक होतं, तिला दुसरंच काही विचारायचं होतं. तिने माझा दंड धरला आणि खांद्यापासून बोटांपर्यंत तळहाताने हळूहळू सारवत आणलं. मग बेचक्यांत एकेक बोट. मग नखांखाली. एकही जागा न सोडता. मला क्षणभर कळेना. मग कळलं आणि मी मोठ्याने हसले, आणि रडले, काय ते एकदमच.

तिने तुझं नाव ठेवलंय, ताई. मलम लावणारी. आणि ती हात वर करून, बोटं पसरून बसली होती. कुठे आहे, असं विचारताना ती तसं बसते.

मी तिला सांगितलं, दूर. तिने पुन्हा तेच नाव घेतलं, पुन्हा हात पसरले. मी पुन्हा सांगितलं, दूर. तिला ते पटत नाही. जेवतानाही विचारलं, झोपतानाही.

मी अजूनही माफी मागत नाही. तुझ्या दिराशी लग्न केलं असतं तर मी सुखी झाले असते, असं तू आजही म्हणालीस तरी मी भांडेन, तुझ्या दवाखान्यात येऊन भांडेन, पेशंटसमोर. तू तुझं म्हणणं सोडू नकोस, मी माझं सोडत नाही. पण हे भांडण समोरासमोर करू. चिठ्ठी पाठवलीस तर शिक्क्यासकट परत पाठवीन.

खाज गेली की नाही ते तपासायला येऊ नकोस, ते मला आता येतं. तुला हाक मारलीये म्हणून ये.

— धाकटी